चाचांच्या धुनेतली ती एक जागा

ज्यांच्यामुळे हे सगळं झालं त्यांचं आधी सांगते, काय झालं ते मागून. अकोल्याच्या बाजारात आमच्या फुलांच्या दुकानाला लागून एका पिंजाऱ्याचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, गाद्या-लेप भरायचे, जुन्या उशा उसवून नव्यानं शिवायच्या, हा त्यांचा धंदा. मी त्यांना चाचा म्हणायची. सगळा बाजारच म्हणायचा. मला व्हायोलिन त्यांनी शिकवलं, स्वतःचं व्हायोलिन त्यांनी दिलं, दुकान बंद ठेवून अमरावतीला परीक्षेला तेच मला घेऊन गेले. आमचं रक्ताचं नातं नव्हतं, जात-धर्म तर सोडाच. आज मी धारवाडला असते. सकाळी मुलांना वाजवायला शिकवते, दुपारी एका वाद्यांच्या दुकानात तारा चढवते. माझं पोट त्यांच्या त्या वाद्यावर चाललं आहे, आणि बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. ती मी अजून दिलेली नाही.

आता काय झालं ते.

आमचं गाव मूर्तिजापूरच्या अलीकडे. घरी कापूस होता आणि विहिरीजवळच्या तुकड्यात शेवंती आणि झेंडू. कापसाचं जे व्हायचं ते त्या वर्षांत सगळ्यांचंच झालं, त्याचं वेगळं काय सांगू. विहिरीत होतं तेवढं पाणी बाबांनी फुलांना द्यायचं ठरवलं, आणि फुलं विकायला आई आणि मी अकोल्यात एका खोलीत येऊन राहिलो. बाबा सकाळच्या गाडीनं टोपल्या पाठवायचे. मी आठवी झाले होते. शाळेचा दाखला गावातच राहिला. 'काढू, काढू' म्हणता म्हणता तो काढायचा राहून गेला, आणि माझी शाळा सुटली हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. मीही नाही.

ती वर्षं वऱ्हाडात कशी होती हे आमच्या दुकानात हारांवरून कळायचं. लग्नाचे हार कमी झाले, आणि दुसरे वाढले. एखादी जीप यायची, माणूस खाली उतरायचा नाही, खिडकीतूनच म्हणायचा, "दोन मोठे द्या." आई कशासाठी ते विचारायची नाही. ती फक्त गुलाब बाजूला सारून पांढरी शेवंती पुढे ओढायची.

चाचांकडे तेच दुसऱ्या बाजूनं दिसायचं. आमच्याकडे पोरीच्या लग्नात घरच्या कापसाची गादी द्यायची रीत. बाप वेचणीतला चांगला कापूस त्यासाठी बाजूला ठेवायचा. आता बाजूला ठेवायला कुणाला परवडत नव्हतं, आणि गादी हवीच असली तर तयार मिळायची. त्यामुळे चाचांच्या दुपारी रिकाम्या झाल्या होत्या. त्या रिकाम्या दुपारी ते बेला वाजवायचे. व्हायोलिनला ते बेला म्हणायचे. तो शब्द मी पहिला ऐकला, म्हणून अजूनही मनात तेच नाव येतं.

पिंजताना त्यांच्याकडे मोठी धनुकली असायची, छताला टांगलेली. तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, कापसावर धरायची आणि लाकडी ठोकळ्यानं ठोकायची. टँव, टँव, टँव. चाचा त्या वेळी आईशी गप्पा मारत असायचे, पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे. मधेच हात थांबायचा.

"हाये एक," म्हणायचे, आणि ढिगात बोटं घालून सरकी बाहेर काढायचे.

"चाचा, तुमाले कसं कळलं?"

"कळत नाई बेटा. ऐकू येते. तात सांगते ना."

"काय सांगते?"

"ते तातले विचार. मी का तात हाये?"

एकदा मी अशीच हार ओवत बसले होते. रस्त्यात दोन म्हशी अडल्या होत्या, त्यांची गंमत बघत होते. चाचा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि आईला म्हणाले, "बाई, तुमची पोरगी म्हशी पाहून राहिली अन् हात इकडे हार करून राहिला. एक फूल उलटं नाई लागलं. हा हात मले द्या."

आई हसली. "घेऊन जा. संध्याकाळी वापस आणा. मले पन्नास हार करा लागते."

तिथून सुरू झालं. मी तेव्हा सोळा वर्षांची. चाचा कापसाच्या ढिगाला टेकून बसायचे, बेलाचं डोकं पायाच्या घोट्यावर, दुसरं टोक छातीला. मलाही तसंच बसवलं. गज हातात दिला आणि म्हणाले, "दाबू नको. मेलेली नाई ती, जित्ती हाये."

ते स्वतः शिकले होते ते एका तंबूतल्या नाटकवाल्यांकडून. तरुणपणी त्या तंबूच्या गाद्या भरायला जायचे, तिथला म्हातारा बेलावाला त्यांना उस्ताद म्हणून मिळाला. दोन हंगाम शिकवलं. तिसऱ्या वर्षी तंबू आला, उस्ताद आजारी होता. चाचांच्या घरी तो महिनाभर राहिला, बरा झाला, आणि जाताना बेला ठेवून गेला. पुन्हा तंबू आलाच नाही. उस्तादानं चाचांना सुरांची नावं शिकवलीच नव्हती, त्यामुळे मलाही ती मिळाली नाहीत. सा रे ग म हे मला शाळेच्या प्रार्थनेपुरतं माहीत. चाचा गाऊन दाखवायचे, मी पट्टीवर शोधायची. बेलाच्या पट्टीवर खुणा नसतात, पेटीसारख्या पट्ट्या नसतात. गुळगुळीत काळं लाकूड. केसभर इकडे-तिकडे झालं की बेसूर.

"कुठे ठेवू बोट?"

"जिथे बरं वाटते तिथे."

"मले तं सगळीकडेच वाईट वाटते."

"मंग सरकव. बरं वाटेपर्यंत सरकव. कोणी हाकलून देऊन राहिलं का तुले?"

पहिले सहा महिने आमच्या दुकानासमोरची गिऱ्हाइकं कान झाकून फुलं न्यायची. आई म्हणायची, "माय वं, झेंडू सुकून राहिला तुया आवाजानं." पण एक दिवस बोट आपणहून बसलं. मी पाहिलंही नव्हतं. म्हशींचीच वेळ असावी, रस्त्याकडे तोंड होतं. चाचा उठून दोन चहा सांगून आले.

दोन वर्षांत सहा धुना झाल्या. सातवी शेवटची. तिला ते तंबूची धून म्हणायचे. मी आजवर शेकडो चांगल्या वादकांना ऐकलं असेल, पण त्या धुनेनं मला जसं व्हायचं तसं पुन्हा झालं नाही. ती वर चढायची, वर थोडी रेंगाळायची आणि खाली येताना एका जागी पाय घसरल्यासारखी व्हायची. एवढीशी जागा. डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत संपायची. बाजारातली माणसं ती आली की मान वळवायची, का ते त्यांना सांगता आलं नसतं.

चाचांना ती जागाच छळत होती.

"इथे मायं बोट एक घर पुढं सरकते," ते म्हणाले. "आपोआप. पन्नास वर्षं झाले. मले मालूम नाई, हे उस्तादनं दिलं का मीच चुकवून ठेवलं. इचारीन म्हटलं, तं तंबूच उठला."

"गोड लागते ना पण."

"गोड लागते म्हणून बरोबर असते का? गुळात खडा असला तं?"

मग एका दुपारी गिऱ्हाइकानं बातमी आणली. अमरावतीला एका संगीत विद्यालयात मुलींना राहून शिकायला जागा देतात, शाळेचा दाखला मागत नाहीत, फक्त वाजवून दाखवायचं. आईनं ऐकून घेऊन सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "अन् फुलं कोण ओवीन? बेला?"

"मी ओवीन," चाचा म्हणाले. "सुई धरता येते मले. जिंदगीभर गाद्या शिवल्या."

"तुमच्या गादीच्या टाक्यानं हार केला तं देवाची मान मोडीन, चाचा."

पण चार दिवसांनी आईच म्हणाली, "जाय. इथे बसून तरी काय करून राहिली तू." तिनं ते फार हळू म्हटलं. त्या दिवशी खिडकीतून हार मागणाऱ्या तीन जीपा येऊन गेल्या होत्या.

चाचांनी बेला मला देऊन टाकली. जुन्या उशीची खोळ, आत नवा पिंजलेला कापूस, त्यात बेला. मी म्हटलं, "चाचा, मी कधी, कसं..." तर त्यांनी हात वर केला.

"पैसे नको. काई नको. तू शिकलेल्या माणसांमधी चालली. त्याईले इचार, माया बोटाची ते जागा बरोबर हाये का चूक. अन् येऊन मले सांग. खरं सांगजो. मीठा नको सांगू."

मी हो म्हटलं. आता ऐका त्यानंतर मी काय केलं.

परीक्षेला महिना होता. मी मुळातच घाबरट. आमच्या खोलीशेजारी एक मुलगी पेटी शिकायची. तिनं मला तिची वही दाखवली. सगळं लिहिलेलं. कोणता सूर, कितवी मात्रा, कुठे थांबायचं. मला वाटलं, अरे, हे असतं होय! मग मी दोन वर्षं नुसती अंधारात चाचपडत होते की काय! तिच्या पेटीवर एकेक सूर लावून घेतला आणि माझ्या पट्टीवर त्याची जागा मोजली. खूण राहावी म्हणून जे हाताशी होतं ते वापरलं. फुलांचा पिवळा दोरा. प्रत्येक सुराच्या जागी तारांखालून एक फेरा घेऊन हारासारखी पक्की गाठ मारली. सात गाठी. वाटलं, आता चूक होणंच शक्य नाही.

आणि चुका थांबल्याही. बोट दोऱ्यावर ठेवलं की सूर हजर. पण मला दोऱ्याकडे पाहावं लागायचं, म्हणून मान खाली गेली. पुढचा दोरा कोणता ते आधी ठरवावं लागायचं, म्हणून गज थबकायचा. एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर मधे काही न होता मी उडी मारायची. आई एकदा पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "तुयं वाजवणं आता शिलाई मशीनवानी झालं वं. टाके सगळे सारखे." मी रागावले. तिला काय कळतं, म्हटलं मनात. तंबूच्या धुनेतली ती जागा तर मला येईनाशीच झाली, कारण ती माझ्या कुठल्याच दोऱ्यावर नव्हती. दोन दोऱ्यांच्या मधे कुठेतरी होती. मी ती सोडून वाजवायला लागले.

चाचा ऐकत होते. दोरे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिले होते. काहीही बोलले नाहीत. न बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. चाचांनी पांढरा कुर्ता घातला होता, तरी कानात कापसाचा तंतू होताच. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. पलीकडे शकुंतला, ती छोट्या रुळांवरची गाडी, उभी होती, तिला जायची घाई नव्हती. चाचा म्हणाले, "बेटा, बाटली भरून आण." मी उतरले, नळावर गर्दी होती, भरून परत आले. बघते तर खोळ उघडी, बेला त्यांच्या मांडीवर, आणि चाचांच्या दाढीला पिवळा दोरा चिकटलेला. गादी शिवताना ते कात्री वापरायचे नाहीत. टाका झाला की दोरा दातानं तोडायचे. माझ्या सातही गाठी त्यांनी दातानं तोडल्या होत्या.

मी ओरडले. अख्ख्या डब्यानं वळून पाहिलं.

"चाचा! हे काय केलं तुमी? कावून केलं? दोन घंट्यानं मायी परीक्षा हाये!"

"म्हणून तं केलं."

"आता मले कसं समजीन कुठे काय हाये?"

"पहिले कसं समजे?"

"पहिले मले काई येतच नव्हतं!"

"येत होतं. तुले मालूम नव्हतं एवढंच."

समोरच्या बाकावर एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन बसली होती. ती चाचांना म्हणाली, "बुढ्या, लेकरू रडून राहिलं, बांधून दे तिचे दोरे."

"माये दात पाह्य वं माय," चाचा म्हणाले, "चार राहिले. तोडता येते, बांधता नाई येत."

म्हातारी हसली. मी नाही. बडनेऱ्यापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. तिथे गाडी बदलताना त्यांनी बेला उचलली तर मी ती हिसकून घेतली. आज ते आठवलं की स्वतःच्या हाताचा राग येतो. अमरावतीचं स्टेशन आलं तेव्हा कुठे ते म्हणाले, आणि फार साधं म्हणाले, "हे पाह्य. मी पण पहिले डोक्यानंच पिंजलं. अब्बा मारे, सरकी राहिली का मारे. मी मोजून मोजून ठोके मारत होतो. साल, दोन साल. मंग एक दिवस मोजणं विसरलो अन् हात चालू राहिला. तू बी मोजलं. लय मोजलं तू. आता सोड."

विद्यालयाच्या मोठ्या खोलीत सतरंजी, भिंतीशी तंबोरे. परीक्षा घेणाऱ्या एक बाई होत्या, कडक इस्त्रीची साडी, बोलणं पुण्याकडचं. बाजूला चार-पाच शिकाऊ मुली. चाचांना दाराबाहेर बसायला सांगितलं. मी बेला लावली. पट्टी पुन्हा तशीच काळी, गुळगुळीत, कुठेच काही नाही. तरी माझी नजर तिथेच चिकटली, जणू दोरे पुन्हा उगवतील.

पहिला सूर बेसूर लागला. सगळ्यांनी ऐकला. दुसराही. मला दारातून चाचांचा अर्धा पाय दिसत होता, चप्पल काढलेली. आणि ते काय करत होते? तिथल्या एका शिपायाशी गप्पा मारत होते! पाठ माझ्याकडे, तोंड अंगणाकडे, अगदी पिंजताना असायचे तसे. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. म्हणजे कान इकडे होता, हे मला माहीत होतं. तात सांगेल, सरकी असली तर कळेल. मग मीही मान उचलली आणि त्याच अंगणाकडे पाहिलं. तिथे एक कडुलिंब होता, खाली कुणाची तरी सायकल. मी सायकलकडे पाहत राहिले आणि बोटं आपली निघाली.

तंबूची धून मी ठरवली नव्हती. तीच आली. वर चढली, रेंगाळली, आणि खाली येताना ती जागाही आली, महिनाभर हरवलेली. बाहेरच्या गप्पा क्षणभर थांबल्या.

संपल्यावर बाईंनी विचारलं, "हा राग पिलू आहे, ठीक. दोन गंधार लावलेस, तेही ठीक. कुठला कधी, हे कसं ठरवलंस?"

"मी नाई ठरवलं."

"मग कोणी?"

"हातानं," मी म्हटलं. मुली खुदकन हसल्या.

"आणि उतरताना तो तीव्र मध्यम? तो इथे कुठून आला?"

"चाचांकडून."

आता बाईही हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. पुन्हा तेवढाच तुकडा वाजवायला सांगितला. मी वाजवला. आणखी एकदा. मग म्हणाल्या, "पिलूच्या शिस्तीत हे बसत नाही बाळ. ही चूकच आहे. पण तू चुकत नाहीयेस, तिन्ही वेळा सूर केसभर हलला नाही. तुला जागा देते. मात्र बसायचं पहिल्या वर्षाच्या छोट्या मुलांबरोबर. हात आहे, त्याला आता भाषा शिकव."

म्हणजे उत्तर मला त्याच दिवशी मिळालं होतं. चूक. दाराबाहेर चाचा उभे होते. मी जागा मिळाली तेवढंच सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कापसाचा वास आला. "अन् ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाई ते मंग सांगतो म्हणे." संध्याकाळच्या गाडीनं ते एकटे परत गेले. खिडकीतून त्यांनी हात केला, तेव्हाही तो पिवळा दोरा दाढीत होता. मी काढला नाही. सकाळचा राग अजून थोडा शिल्लक होता.

पुढची वर्षं थोडक्यात. आठ-नऊ वर्षांच्या पोरांमध्ये बसून मी सूर लिहायला शिकले, ताल मोजायला शिकले. पहिलं अर्धं वर्ष पुन्हा तेच झालं. डोकं पुढे आणि बोटं मागे, सगळं वाजवणं ताठलेलं. रडायची. पण या वेळी ठाऊक होतं की हे संपतं. नावं हळूहळू बोटांत मुरली आणि मग दिसेनाशी झाली, आणि हात पुन्हा आपला आपण चालायला लागला, पहिल्यापेक्षा लांबवर. मोजलं नसतं तर हे झालं नसतं, हेही मी शिकले. बाईंनीच पुढे धारवाडला पाठवलं.

अमरावतीहून एकदा मी अकोल्याला गेले होते. चाचांच्या दुकानात पिंजायचं यंत्र आलं होतं, त्यांचा पुतण्या चालवायचा. धनुकली छताला तशीच टांगलेली, वर धूळ. चाचांनी माझ्यासाठी कापसाचा ढीग झाडून जागा केली.

"सांग," ते म्हणाले. "बरोबर का चूक?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझे ते सात दोरे आठवले. वाटलं, यांना चूक म्हणून सांगितलं, तर पुढल्या वेळी बोट तिथे येईल तेव्हा विचार करेल. एक घर पुढे जाऊ का नको? पन्नास वर्षं आपोआप जाणारं बोट थांबेल. मग धून उरेल, पण ती जागा जाईल.

"अजून तिथपर्यंत शिकवलं नाई," मी म्हटलं.

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "बरं," म्हणाले. मग माझ्याकडून बेला घेतली आणि तीच धून वाजवली. हात थोडा कापत होता. त्या जागी आला आणि कापरं थांबलं. बोट गेलं पुढे, बिनधास्त.

मी मनात म्हटलं, बघ, बरं झालं नाही सांगितलं. किती वर्षं मी हेच म्हणत आले.

इथे धारवाडला पाऊस फार लागतो. लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, बेलाचा आवाज कोंदट होतो. आमच्याकडचं कोरडं ऊन तिला हवं असतं, मला वाटतं मलाही. इथली माणसं चांगली आहेत, माझी भाषा त्यांना कळते, पण 'काय करून राहिली वं' असं मला कुणी विचारत नाही. कधी दुकानात नवी तार चढवताना ती एकदा टँव करते आणि मी मान वळवते. पाठीमागे कुणी नसतं. मग उगाचच ती धून लावून बघते. त्या जागेवर एकदा मी महिनाभर मेहनत घेतली, शिस्तीत बसवली, चूक काढून टाकली. व्यवस्थित वाजली. चाचा त्यात कुठेच नव्हते. पुन्हा चूक घालून ठेवली.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. घरून फोन आला की अजूनही मी आधी बाबा कसे आहेत ते विचारते, त्या जीपांच्या दिवसांपासूनची ती सवय. आई म्हणाली, सगळे ठीक, बाबा ठीक, शेवंती बरी आली. मग म्हणाली, "चाचाले आता कमी ऐकू येते. दुकानाच्या फळीवर बसून राहते. काल मले इचारे, पोरीनं काई सांगतलं का म्हणे."

"काय सांगतलं का?"

"मले काय मालूम? तुमचं तुमी जाणा. मी म्हटलं नाई. तं म्हणे, पोरगी घाबरते. तिले म्हणा, माया हात नाई थांबत."

त्यांना कळलं होतं. त्या दिवशीच, माझ्या तोंडाकडे पाहत बसले होते तेव्हाच कळलं असणार. सरकी कुठे आहे हे ते न बघता सांगायचे, मी काय लपवणार होते? परीक्षेला दोन तास राहिले असताना त्यांनी माझे दोरे तोडले ते माझ्या हातावर विश्वास होता म्हणून. मी मात्र त्यांच्या हातावर तेवढा विश्वास ठेवला नाही, आणि इतकी वर्षं त्याला माया समजत राहिले. त्यांनी खरं सांग म्हटलं होतं, मी गोड बोलून टाळलं. तेही कमी पडलं म्हणून मी लांब येऊन बसले.

त्यांना आता कमी ऐकू येतं. याच्या पुढचं वाक्य माझ्याच्यानं लिहवत नाही.

चाचा, मी येते. शेवंती संपायच्या आत येते. बेला त्याच खोळीतून आणते. तुमच्या फळीवर शेजारी बसेन आणि तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सगळ्या बाजारादेखत सांगेन, की चाचा, ते जागा चूक हाये, बाईनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. मग बेला तुमच्या मांडीवर ठेवेन, तुम्ही तीच धून वाजवा, आणि मी रस्त्याकडे तोंड करून बसेन.